मूढ, सोबत पाच गाद्या

सोमवारी सकाळी साहेब मला मूढ म्हणाले. भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, चहा यायच्या आधी.

गाढव म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. गाढव हा शब्द माणूस रागात वापरतो. राग उतरला की गाढवही उतरतं. बावळट तर आमच्या घरात मला जेवायला बोलवायचा शब्द आहे. ठोंब्या, मठ्ठ, शंख, बिनडोक, अकलेचा कांदा, या सगळ्यांशी माझा लहानपणापासून घरोबा आहे आणि त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण मूढ? हा शब्द तोंडातून निसटत नाही. तो आत जाऊन, कपाट उघडून, धूळ झटकून बाहेर आणावा लागतो. साहेबांनी तो तसाच आणला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत चढवला, भिंतीवर आलेल्या ओलीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही मूढ आहात."

तुम्ही! अपमानसुद्धा अहोजाहो करून. आणि लगेच, "पुढचा विषय."

मी काय बोललो होतो ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा. (ठरवून झालं की मला कळवू नका.) मी गाद्यांच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि दोन शिक्के. एकावर 'अमान्य', दुसऱ्यावर 'मान्य'. दुसरा अजून नवाकोरा आहे. गादी खचली अशी तक्रार आली की आमचा तपासनीस न कळवता त्या घरी जातो, दाराला कुलूप दिसतं, आणि तो 'ग्राहकास स्वारस्य नाही' असं लिहून परत येतो. मी एवढंच म्हणालो की जाण्याआधी फोन केला तर माणूस घरी सापडेल. झालं! यावर चष्मा निघाला.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "मूढ म्हणजे काय रे?"

"मूर्ख."

"मग सरळ मूर्ख म्हणायचं ना. एवढं आडवळण कशाला?"

बाबांनी पेपर खाली न घेता विचारलं, "कशावरून म्हणाले?"

"कशावरून म्हणजे? बाबा, अपमान झालाय माझा!"

"तो झाला रे. पण कशावरून?"

ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "साहेब येऊन वर्ष झालं ना? बरंच उशिरा लक्षात आलं त्यांच्या."

ज्या घरात पोराच्या अपमानाला पुरावा मागतात, त्या घरात पोराने वर जावं. आमच्या वर निवृत्त हेडक्लार्क राहतात. ते वर राहतात म्हणून आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. त्यांची समजूत अशी आहे की हा हुद्दा आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझं सगळं ऐकून घेत होतं, त्यामुळे मी थोडं जास्तच सांगितलं.

"लेखी दे," काका म्हणाले. "तोंडी बोललास की ती कुरकुर. लेखी दिलीस की ती तक्रार. आणि मागणी एकच ठेव. दोन ठेवल्यास की त्यातली एक नाकारायला त्यांना बरं पडतं."

माझी मागणी एकच होती. भर मीटिंगमध्ये मूढ म्हणालात, आता चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणा. बढती नको, पगारवाढ नको, खुर्चीला चाकं नकोत. दोन शब्द हवेत. पण हवेतच.

दुसऱ्या दिवशी कागद एचआरच्या मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो पालथा करून मागेही काही लिहिलंय का ते बघितलं.

"ही तक्रार आहे ना?"

"हो."

"मग तक्रार विभागात द्या."

"मॅडम, तक्रार विभाग मीच आहे."

"बरंच झालं. लांब जायला नको."

मला वाटलं थट्टा करतायत. पण मॅडमना थट्टा येत नाही, त्यांना फक्त नियम येतात. कंपनीत येणारी प्रत्येक तक्रार तक्रार विभागातूनच पुढे जाते, आणि ती गादीच्याच छापील कागदावर जाते, कारण दुसरा कागद छापलेला नाही. मी रागारागात तोही भरला. वस्तू: शब्द. लांबी: दोन अक्षरं. जाडी: लागण्याइतकी. वापर सुरू केल्याची तारीख: सोमवार. मग टेबलाच्या त्या बाजूने तक्रार दिली, वळसा घालून या बाजूला आलो आणि घेतली. घेताना मी स्वतःशी जरा तुसडेपणाने वागलो, हे मला आवडलं नाही.

तक्रार पुढे गेली ती साहेबांकडेच. त्यांनी शेरा मारला तो असा: मूढ हा संस्कृत शब्द आहे. संस्कृतात शिवी नसते. तरीही हा शब्द अपमानकारक आहे असं तक्रारदाराचं म्हणणं असेल तर त्याने ते सिद्ध करावं, आणि एका भाषेत नव्हे, कारण आपल्या गादीवर सगळ्या भाषांचे लोक झोपतात.

रागाने माझे कान गरम झाले. बरं, करतो सिद्ध! आमच्या इमारतीत भाषांना काय तोटा? प्रत्येक मजल्यावर एक वेगळी भाषा राहते आणि जिन्यात भेटली की मराठीत बोलते. मी घरोघर जाऊन फक्त एक प्रश्न विचारणार होतो: तुमच्या भाषेत मूढ म्हणजे काय? पाच मिनिटांचं काम.

एकच गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. या सगळ्या घरांत आमच्याच कंपनीच्या गाद्या होत्या. आणि त्या मीच आग्रह करकरून घ्यायला लावल्या होत्या.

तळमजल्यावर गुजराती कापडवाले काका. त्यांनी दार उघडलं आणि प्रश्न ऐकून उंबऱ्यातच डोळे मिटले. "आमच्यात मूढ मार म्हणतात. म्हणजे असा मार, की बाहेर रक्त नाही, वण नाही, काही नाही. आत मात्र सगळा चुरा."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "काका, हेच! अगदी हेच झालंय मला!"

"मलापण," काका म्हणाले. "रोज रात्री. या, दाखवतो."

मला आत नेऊन त्यांनी गादी दाखवली. मधोमध एक खळगा होता. त्या खळग्यात काका झोपून दाखवू लागले आणि हळूहळू दिसेनासे झाले. आतून आवाज आला, "तुमच्या कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर काय आलं माहितेय? 'आपली गादी खचलेली नसून ती आपल्या शरीराशी जुळवून घेत आहे.' कुठल्या मूढाने लिहिलंय हे?"

ते वाक्य माझं आहे. त्यावर माझी एक अख्खी दुपार गेली होती, आणि कंपनीत ते अजून वापरतात. पण कौतुक करून घ्यायची ही वेळ नव्हती. "वरून आलं असेल," मी म्हणालो.

पहिल्या मजल्यावर तेलुगू दंतवैद्य बाई, दवाखाना घरातच. त्या म्हणाल्या, उभ्याउभ्या मी बोलत नाही, बसा. बसलो तर त्यांनी सवयीने खुर्ची मागे पाडली आणि माझ्या तोंडात आरसा घातला. "मूढुडु म्हणजे मूर्ख, ते आहेच," त्या म्हणाल्या. "पण घरात जास्त करून आम्ही मूढम म्हणतो ते वेगळं. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार जवळ जाऊन दिसेनासा होतो, तो काळ. त्या दिवसांत कुठलंच चांगलं काम हातात घेत नाहीत."

"म्हंजे ई काळ आए?"

"तुम्ही कशाला काळ असाल? तोंड बंद करू नका. पण तुमचा चालू असेल."

म्हणजे साहेबांच्या मते मी असा कालावधी होतो, की ज्यात कंपनीत काही चांगलं घडत नाही. हे मी मनात लिहून घेत होतो तेवढ्यात बाईंनी यंत्र सुरू केलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, "आमच्या गादीची विहीर झालीये! आम्ही नवराबायको दोन काठांवर झोपतो आणि पहाटे तळाशी भेटतो! मग बोलणं बंद असलं तरी!"

तोंड उघडं असलेल्या माणसाला माघार घेता येत नाही. मी मान हलवली. ती त्यांनी होकार समजून घेतली. दाढही भरली. माझी दाढ दुखत नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर कन्नड विमा एजंट. हा माणूस कोणाशीही बोलताना समोरच्याच्या मरणापासून सुरुवात करतो. "आमच्यात मौढ्य म्हणजे अंधश्रद्धा," तो म्हणाला. "म्हणजे ज्याला कसलाच आधार नाही, तरी माणूस मनापासून विश्वास ठेवतो, अशी गोष्ट."

"उदाहरणार्थ?"

"उदाहरणार्थ, साहेब तुमची माफी मागतील."

मी तडक उठलो. तोही उठला, पण मला दाराकडे न नेता गादीकडे नेऊ लागला. म्हणाला, "माझा पाठीचा विमा आहे. पण कलम असं आहे, की जाणूनबुजून धोक्याच्या जागी झोपलात तर भरपाई नाही."

समोरच्याच दारात मल्याळी सिस्टर राहतात. इस्पितळातून ड्यूटी संपवून आल्या होत्या, चप्पलही काढली नव्हती. "मूढस्वर्गम म्हणतात आमच्यात," त्या म्हणाल्या. "मूर्खांचा स्वर्ग. सगळं छान चाललंय असं ज्याला वाटतं, तो तिथे राहतो."

"आणि तिथून बाहेर कसं पडायचं?"

"कोणीतरी तोंडावर मूढ म्हणालं की." मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगताना पाहत असाव्यात. "तुम्ही अजून तिथेच आहात वाटतं. दिवसभर पेशंटला उचलते, घरी येऊन मला गादीतून कोण उचलणार?"

राहिले तिसऱ्या मजल्यावरचे वैद्यबुवा. संस्कृताचा शेवटचा शब्द त्यांचाच. मी मोठ्या आशेने गेलो. बुवांनी आधी नाडी धरली. "मनाच्या पाच अवस्था शास्त्रात सांगितल्यात. त्यात मूढ दुसरी."

"दुसरी म्हणजे वरून?"

"खालून. आणि आमच्या वैद्यकात मूढवात म्हणतात. म्हणजे पोटात अडकलेला वायू. पुढे सरकत नाही, बाहेर पडत नाही, आत बसून माणसाला हैराण करतो." बुवांनी नाडी सोडली. "साहेबांनी तुम्हाला नेमकं कुठल्या अर्थाने म्हटलं?"

मला मीटिंग आठवली आणि पहिल्यांदाच शंका आली की साहेबांना वैद्यक येत असावं. बुवा म्हणाले, "असो. माझी गादी पालथी घातली तरी खळगा वरच येतो. हे कसं, ते मला शास्त्रातही सापडलं नाही."

पाच घरं, पाच अर्थ, पाच खळगे आणि एक नको असलेली भरलेली दाढ घेऊन मी मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणाल्या, "सुनावणीला तक्रारीची वस्तू प्रत्यक्ष हजर करावी लागते."

"मॅडम, शब्द कसा हजर करू?"

"ज्यांच्या तोंडात आहे त्यांना घेऊन या."

परत पाच दारं. सगळ्यांनी एकच अट घातली, जणू जिन्यात ठरवून ठेवली होती: आम्ही येतो, पण आमच्या गाद्याही येतील. तपासनीसाला कुलूप दिसलं की पुढे गादी हजर केल्याशिवाय तक्रार ऐकत नाही, हा आमचाच नियम. आणि डबलबेडची गादी पाठीवर टाकून कोणी येत नाही, यावरच तर आमचा विभाग चालतो. मी टेम्पो ठरवला. कंपनीच्या इतिहासात ग्राहकांच्या गाद्या स्वतः गाडी करून कंपनीत आणणारा तक्रार विभागाचा मी पहिला माणूस. हे वाक्य माझ्या सत्कारात कोणी वापरणार असेल तर माझी हरकत नाही.

सुनावणी गोदामात झाली, कारण गाद्या ऑफिसच्या दारातून आत जाईनात. साहेब खुर्चीवर, मॅडम शेजारी, मी कधी तक्रारदाराच्या जागी तर कधी विभागाच्या. भिंतीला पाच गाद्या पोक काढून उभ्या. एकेकाने पुढे येऊन आधी मूर्ख हा अर्थ सांगितला, मग आपापला. साहेबांनी तो इतका मन लावून ऐकला की मला त्यांचा संशय आला.

"छान," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे गुजरातीत मार, तेलुगूत काळ, कन्नडात समजूत, मल्याळममध्ये स्वर्ग आणि संस्कृतात वायू. यात शिवी कुठे आहे?"

"साहेब, मूर्ख हा अर्थ सगळ्यांनी सांगितलाय! आधी सांगितलाय!"

"अर्थ सांगितला. पण कोणी रागावून सांगितला का? सगळे किती गोड बोलले."

मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. ते मॅडमकडे पाहत होते. कापडवाले काका म्हणाले, "त्यांचा शब्द झाला. आता आमच्या गाद्या घ्या."

आता साहेबांनी गाद्या नीट पाहिल्या. गोदामाच्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि पाचही खळग्यांत सावली साचली होती. नाकारायला काही वावच नव्हता. साहेबांनी चष्मा काढला. या खेपेला पुसला नाही. मला खांद्याला धरून शिलाई यंत्रांच्या मागे नेलं.

"शिक्का तुमच्या हातात आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "या पाच मान्य झाल्या तर उद्या पाचशे येतील. अमान्य करा. लगेच, इथेच, या सगळ्यांसमोर मी 'माझं चुकलं' म्हणतो."

"आणि मान्य केल्या तर?"

"तर गाद्या बदलून मिळतील. त्यांना. तुम्हाला काय मिळेल ते तुम्ही बघा."

मी विचार केला नाही असं कोणी समजू नये. मला पहाटे तळाशी भेटणारं, न बोलणारं जोडपं आठवलं. चप्पल न काढलेल्या सिस्टर आठवल्या. आणि मग तो सोमवार आठवला: पुसलेला चष्मा, 'तुम्ही', आणि 'पुढचा विषय'. आठवडाभर माझ्या आत जे अडकून बसलं होतं, ते पुढे सरकेना आणि बाहेरही पडेना. गाद्यांवर माणसं झोपतात, झोपतच राहतील. पण माझं काय? मी परत आलो, शिक्का शाईवर दाबला आणि पाचही गाद्यांच्या तक्रारींवर मारला. धाड, धाड, धाड, धाड, धाड.

अमान्य.

मी शाईची डबी बंद केली. मग कापडवाले काका पुढे आले. त्यांचं मराठी गेलं होतं. "साव मूढ छो तमे!" ते ओरडले. "मूढुडा!" दंतवैद्य बाई, आणि त्या आवाजाने माझी भरलेली दाढ आतून ठणकली. सिस्टर दबक्या आवाजात "मूढा" म्हणाल्या. दबक्या आवाजातलं जास्त लागतं, हे मला तेव्हा कळलं. विमा एजंटने आधी मराठीत माझ्या मरणाचा उल्लेख केला आणि मग कन्नडात तोच शब्द वापरला. वैद्यबुवांनी हात वर केला. मला वाटलं मध्यस्थी करतायत. ते म्हणाले, "रे मूढ!" आणि संस्कृतात शिवी असते की नाही, हा प्रश्न कायमचा मिटला.

साहेब टाळी वाजवायचे तेवढे राहिले. "मॅडम, घ्या लिहून! सगळ्या भाषांत, रागाने, एकमताने. अपमानकारक आहे हे सिद्ध झालं. तक्रारदार जिंकले." ते उठले, माझा हात हातात घेतला आणि मनापासून हलवला. "हा शब्द मी वापरायला नको होता. माझं चुकलं."

मिळालं. ज्याच्यासाठी आठवडा घालवला ते मिळालं. फक्त ते म्हणाले तेव्हा शेजारी पाठ करून गाद्यांना सुतळी बांधत होते, मॅडमचं पेन थांबलं होतं आणि जेवणाची सुटी संपून शिलाई यंत्रं सुरू झाली होती. मी म्हणालो, "साहेब, जरा मोठ्याने." पण तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

बाहेर आलो तर टेम्पो निघायच्या बेतात. ड्रायव्हरशेजारी दंतवैद्य बाई आणि सिस्टर बसल्या होत्या. मागे फळीला टेकून तिघं पुरुष उभे. जागा एकच उरली होती, एकावर एक रचलेल्या पाच गाद्यांच्या वर. कोणी बस म्हणालं नाही, कोणी बसू नको म्हणालं नाही. मी चढलो आणि ताठ मानेने मधोमध बसलो. मी जिंकलो होतो.

मग मी खाली जाऊ लागलो. पाच खळगे बरोब्बर एकाखाली एक आले होते. आधी कंबर गेली, मग छाती. टेम्पो पहिल्या वळणावर वळला तोवर माझे पाय आणि नाक एका पातळीवर आले होते आणि मला फक्त आभाळ दिसत होतं. थोड्या वेळाने काठावर तीन चेहरे आले. कापडवाले काका, विमा एजंट, वैद्यबुवा. तिघांनी शांतपणे आत वाकून पाहिलं, माणसं विहिरीत पडलेल्या बादलीकडे पाहतात तसं. एकानेही हात दिला नाही.

मीही मागितला नाही. मलाही काही स्वाभिमान आहे.